मशीन नंबर दोनचं शटर

टॉकीज बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, मी बघितल्यामुळे माझ्या बायकोचा गाल भाजला.

मालन मागच्या दाराशी पाटावर बसून शर्टाला काजं करत होती. मी समोर खाटेवर बसलो होतो. छत्तीस वर्षं मी चंद्रकला टॉकीजचा ऑपरेटर होतो. रोज तीन खेळ, रविवारी चार. दुपारी साडेतीनला मी कधी घरात नसायचो, त्यामुळे या वेळेला काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी मालनकडे बघत बसलो. तिच्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीखाली एक तीळ होता. हा तीळ मला माहीत नव्हता. मी तो नीट बघायला लागलो.

आधी तिथे पिवळट डाग पडला. मग तो तांबूस झाला, कडेनं बुडबुडे आले, आणि मध्ये पांढरं झालं. मशीनमध्ये फिल्म अडकली की पडद्यावर हेच दिसतं. खोलीत जळक्या फिल्मचा आंबूस वास पसरला.

"काय चावलं हो?" मालन गालाला हात लावून म्हणाली.

"मी बघत होतो," मी म्हणालो.

"मग बघा की," ती म्हणाली. तिला वाटलं मी दुसरंच काही म्हणतोय.

मी बाकीच्या वस्तूंकडे बघून पाहिलं. कॅलेंडरकडे, पाण्याच्या पिंपाकडे, शेजारच्यांच्या शेळीकडे, माझ्या स्वतःच्या हाताकडे. कशालाच काही झालं नाही. मग मालननं आपला हात पुढे केला. मी तिच्या मनगटाकडे बघितलं आणि मनात तीन म्हणेपर्यंत तिथेही डाग उठला.

"पुरे," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी पांढरं मलम दिलं. ते म्हणाले, "बघणं कमी करा."

"किती?"

"गरजेपुरतं. सकाळ-संध्याकाळ. आणि टक लावून नको." त्यांनी तसं कागदावर लिहूनही दिलं.

घरी येऊन मी डोळ्यांवर पंचा बांधला. मालननं स्वयंपाकघरातून येऊन तो सोडला.

"हे काय?"

"तुला भाजतं."

"छत्तीस वर्षं तुमचं तोंड पडद्याकडं," ती म्हणाली. "घरी यायचात तेव्हा मी दिवा घालवून पडलेली, उठायचात तेव्हा मी पाण्याला गेलेली. आता घरात आलाय तर डोळे बांधून बसणार?"

"मग काय करू?"

"दस्तगीरभाईंना विचारा. त्यांना मशीनमधलं कळतं."

दस्तगीरभाई आमच्या तालुक्यातल्या सगळ्या टॉकीजची मशीनं दुरुस्त करायचे. आता टॉकीज उरली नव्हती, म्हणून ते मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत होते. ते संध्याकाळी सायकलवरून आले. त्यांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली, मला मालनच्या हाताकडे बघायला लावलं, आणि डाग उठल्यावर तो अंगठ्यानं मोजला.

"दिवा चांगला आहे," ते म्हणाले. मग खाटेवर बसले. "ऑपरेटर, मला सांग. मशीनच्या दिव्याची आच केवढी असते?"

"समोर विडी धरली तर पेटते."

"आणि त्याच्यासमोरून फिल्म जाते. तरी जळत का नाही?"

"तिला जपायला मशीनमध्ये भाग बसवलेले असतात."

"किती?"

मी बोटांवर मोजायला लागलो. दिव्यापुढची काच. गेट. वरचा लूप, खालचा लूप. शटर.

"मग तेच इथं करायचं," दस्तगीरभाई म्हणाले. "एकेक करून. वहिनी, तुम्ही घाबरू नका."

"मी कुठं घाबरलेय?" मालन म्हणाली. "चहात साखर किती घालू?"

आधी काच झाली. मशीनच्या दिव्यापुढे एक जाड काच असते, ती उजेड पुढे सोडते आणि आच अडवते. दस्तगीरभाईंनी ती कापून माझ्या चष्म्यात बसवली. तिच्यातून मालन हिरवट दिसायची, पाण्याखाली उभी असल्यासारखी. पण आता मनात वीस म्हणेपर्यंत तिला काही होत नव्हतं. विसाच्या पुढे गेलो की कातडी पिवळी पडायची. मी अठराला मान वळवायचो.

आठवडाभर असं चाललं. मग मालनच म्हणाली, "तुम्ही मोजता. मला दिसतं ओठ हलताना. असं बघणं नको मला."

दस्तगीरभाई पुन्हा आले. "फिल्म सेकंदाला चोवीस वेळा थांबते," ते म्हणाले. "थांबते, पण रेंगाळत नाही. वहिनींना चालतं ठेवायला पाहिजे."

तेव्हापासून मालन घरात चालायला लागली. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत. मी मधल्या खोलीत खुर्ची घेऊन बसायचो आणि ती माझ्यासमोरून जायची. ती चालत असली की मी हवं तेवढं बघू शकत होतो. काच काढून ठेवली तरी चालत होतं. मला तिचा खरा रंग दिसला. चालताना ती डावा खांदा किंचित उचलते हे दिसलं. पदर खोचायची तिची एक ठरलेली पद्धत आहे, हेही दिसलं. ती चालता चालता काजं करायची, भाजी निवडायची, माझ्याशी बोलायची. बोलता बोलता पुढच्या दारातून बाहेर जायची, घराला वळसा घालून मागच्या दारानं पुन्हा आत यायची आणि वाक्य पुरं करायची.

"शैलाचं पत्र आलंय," एवढं म्हणून ती बाहेर जायची. मी थांबायचो. मागच्या दारातून आवाज यायचा, "नातवाला दात आलाय म्हणे."

शैला आमची एकुलती एक लेक, बार्शीला दिलेली.

महिनाभरात घर अरुंद झालं. भिंती दर आठवड्याला चार बोटं आत येत होत्या. मशीनमध्ये गेट असतं ते याचसाठी, दोन्ही बाजूंनी फिल्मला धरून ठेवायचं म्हणजे ती डगमगत नाही. आधी खाट बाहेर काढावी लागली, मग कपाट. माझी खुर्ची भिंतीतल्या कोनाड्यात बसवली. शेवटी मालनच्या दोन्ही कोपरांना भिंती लागायला लागल्या तेव्हा त्या थांबल्या. दस्तगीरभाईंनी भिंतीवरून हात फिरवला.

"मखमल आहे," ते म्हणाले. "चांगलं झालं. ओरखडे पडणार नाहीत."

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "आता लूप ठेव. विसरू नकोस."

लूप काय असतो ते मला कुणी सांगायला नको होतं. मशीनमध्ये वरून फिल्म एकसारखी येत असते आणि गेटमध्ये ती झटक्या-झटक्यानं सरकते. म्हणून गेटच्या वर आणि खाली थोडी ढील सोडतात. दोन बोटांची नुसती कमान. ती नसली तर पहिल्याच झटक्याला फिल्म फाटते. मालनलाही दोन्हीकडे ढील पाहिजे होती. आम्ही ठरवलं की मागच्या अंगणात अर्धा तास आणि पुढच्या ओट्यावर अर्धा तास तिनं थांबायचं, आणि मी बघायचं नाही. त्या वेळात ती काय करायची ते मला माहीत नाही. शेजारणीचं हसणं ऐकू यायचं. कधी काहीच ऐकू यायचं नाही. मग ती आत यायची तेव्हा तिचा चेहरा मोकळा झालेला असायचा.

हे मी सांगतोय ते यासाठी की पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं.

मी ढील कमी केली. आधी पाच मिनिटं. ओट्यावर ती टेकली असेल-नसेल, तेवढ्यात मी आतून हाक मारायचो, "मालन, येतेस का?" ती यायची. मग दहा मिनिटं. ती कधी नाही म्हणाली नाही. एकदा एवढंच म्हणाली, "आत्ताच तर गेले होते."

"फार वेळ झाला," मी म्हणालो.

"झाला असेल," ती म्हणाली आणि चालायला लागली.

मला ती दिसत होती आणि मला आणखी हवी होती. छत्तीस वर्षांची बाकी राहिली होती असं मी स्वतःला सांगत होतो. माघ संपेपर्यंत दोन्हीकडची ढील मी खाऊन टाकली. मागच्या दारातून ती येई, पुढच्या दारातून जाई, आणि मी शंभर म्हणेपर्यंत पुन्हा मागच्या दारात. तिचे गुडघे वाजायला लागले होते. तो आवाज मला ओळखीचा होता. फिल्मच्या कडेची भोकं फाटायला लागली की मशीन असंच टिकटिकतं. छत्तीस वर्षांत तो आवाज ऐकून मी मशीन थांबवलं नाही असं एकदाही झालं नव्हतं.

एका दुपारी मालन मधल्या खोलीत, माझ्या बरोबर समोर फाटली.

उजव्या घोट्यापासून कमरेपर्यंत, कडेनं, सरळ रेषेत. रक्त आलं नाही. कड पातळ आणि स्वच्छ होती. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि मी झटकन डोळे मिटून घेतले, कारण ती थांबली होती.

"फार फाटलंय का हो?" तिनं विचारलं.

"मला बघता येत नाही," मी म्हणालो.

"हो, खरंच की," ती म्हणाली.

दस्तगीरभाई डबी घेऊन आले. मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून त्यांनी पात्यानं दोन्ही कडा खरवडल्याचा आवाज आला, मग फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा वास. मग त्यांनी जोड अंगठ्याखाली दाबून धरला आणि मोठ्यानं तीस आकडे मोजले. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"लूप खाल्लास," ते म्हणाले.

मी ओट्यावरून उठलो.

"तुझ्यासारखा ऑपरेटर तालुक्यात नव्हता. तुझ्या हातून एक रीळ कधी फाटलं नाही. आणि घरात लूप खाल्लास." ते सायकलचं कुलूप काढायला लागले. "जोडलंय. पण जोडताना चित्राच्या दोन चौकटी कापल्या जातात, तुला माहीत आहे."

"कुठल्या गेल्या?"

"ते आता कळेल."

दुसऱ्या दिवशी कळलं. मालन चालत होती, हळूहळू, जोडावर हात ठेवून. मी तिला हसवावं म्हणून जुनी गोष्ट काढली. लग्नानंतर महिन्याभरात ती पहिल्यांदा डबा घेऊन केबिनमध्ये आली होती. तिला भिंतीतल्या भोकातून सिनेमा बघायचा होता आणि भोक उंच होतं. मी तिला कमरेला धरून उचललं. ती बघत राहिली आणि माझे हात भरून आले तरी मी खाली ठेवलं नाही. पडद्यावर कुणीतरी गात होतं. खाली उतरल्यावर ती म्हणाली होती, "इथनं सगळे किती लहान दिसतात." ही गोष्ट आम्ही दोघं वर्षातून एकदा तरी काढायचो.

मालननं पूर्ण ऐकून घेतलं. ती पुढच्या दारातून गेली, मागच्या दारातून आली.

"तुम्ही उचललंत?" तिनं विचारलं. "मला?"

"आठवत नाही?"

"नाही हो," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पण छान आहे. परत सांगा."

मी परत सांगितली. ती शेजाऱ्यांच्या घरातली गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती, मध्ये मध्ये मान हलवत.

त्या संध्याकाळी मी स्वतः दस्तगीरभाईंच्या दुकानात गेलो. ते एका मिक्सरचं भांडं उघडून बसले होते.

"एक भाग राहिलाय," मी म्हणालो.

"शटर," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "मी पहिल्यांदाच सांगणार होतो. मग म्हटलं, बघू दे बिचाऱ्याला."

दिवा आणि फिल्म यांच्यामध्ये पत्र्याचा एक तुकडा असतो. मशीन वेगात फिरत असलं की आतली दोन वजनं गरगरत बाहेर फेकली जातात आणि तो पत्रा वर उचलून धरतात. मशीन मंदावलं की वजनं खाली येतात आणि पत्रा पडतो. माणसानं काही करायचं नसतं. माणूस झोपला असला, मेला असला, तरी पत्रा पडतो आणि फिल्म वाचते.

"म्हणजे ती चालली की मला दिसेल," मी म्हणालो.

"दिसेल."

"आणि थांबली की?"

"अंधार."

"मी विचार करून सांगतो."

घरी येऊन मी मालनला हे सांगितलं. ती मागच्या दारातून आत येत होती.

"विचार कसला करता?" ती म्हणाली. "बसवून घ्या. मला बसायचंय."

चंद्रकलात आता कांद्याची पोती ठेवत होते. खुर्च्या काढल्या होत्या, पडदा होता. वॉचमननं किल्ली दिली. केबिनमध्ये दोन्ही मशीनं जागेवर होती. दस्तगीरभाईंनी मशीन नंबर दोनचं शटर निवडलं, कारण एक नंबरचं जरा अडकायचं. त्यांनी मला माझ्याच स्टुलावर बसवलं, बारीक पेचकसानं तासाभरात दोन्ही डोळ्यांमागे काम उरकलं. दुखलं नाही. शेवटचा स्क्रू आवळताना कानात एक थेंब तेल सोडलं.

"घरी जाऊन बघ," ते म्हणाले.

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा मालन चालत होती. मला ती स्वच्छ दिसली. तिनं मला बघितलं आणि ती थांबली. टक्, असा बारीक आवाज झाला आणि सगळं काळं झालं. मी मान डावीकडे वळवली. भिंत दिसली, खुंटीवरची पिशवी दिसली. मान तिच्याकडे आणली. अंधार.

"दिसतंय का?"

"नाही."

मग मला ती बसल्याचा आवाज आला. पाटावर, सावकाश, आधी एक हात टेकवून. पाच महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा बसली. तिनं सोडलेला श्वास एवढा लांब होता की तो संपायची मी वाट बघत राहिलो.

"बरं झालं," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस चांगले होते. खोटं कशाला सांगू? ती कुठे आहे ते मला नेहमी कळायचं. घरात मान फिरवली की एका ठिकाणी अंधार यायचा, तिथे ती असायची. मी खुर्ची त्या अंधाराकडे तोंड करून ठेवायचो. सुई कापडातून जाताना बारीक आवाज येतो, तो मी शिकलो. दोरा दातानं तोडल्याचा वेगळा. ती काजं करायची आणि मी त्या काळोखाशी गप्पा मारायचो. ती थकली होती. जोड धरून राहिला होता पण तिथे तिला थंडी वाजायची, उन्हाळ्यातसुद्धा.

रोज चार वाजता ती उठायची.

"चारचा खेळ," ती म्हणायची आणि मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत एकदा चालायची. माझ्यासाठी. केस विंचरलेले असायचे, लुगडं बदललेलं असायचं. टक् असा आवाज होऊन शटर उठायचं आणि ती माझ्यासमोरून जायची. मोजून बावीस पावलं होती. मग पुढे सोळाच झाली, कारण ती आता मधल्या खोलीपासूनच सुरुवात करत होती. पुढच्या दाराशी पोचली की ती मागे वळून विचारायची, "झालं का?"

"झालं," मी म्हणायचो.

मग ती थांबायची.

वैशाखातल्या एका शुक्रवारी चार वाजले आणि अंधार उठला नाही. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होता. मी वाट बघितली. तिचा डोळा लागला असेल असं वाटलं. ती दमली होती आणि तिला बसू द्यायचं हे मी उशिरा का होईना शिकलो होतो. म्हणून मी हाक मारली नाही. मी त्या अंधाराकडे तोंड करून बसून राहिलो. तिला काजांचं काम देणाऱ्या शर्टाच्या दुकानदाराबद्दल थोडं बोललो. शैलाला उन्हाळ्यात बोलावू म्हणालो. सुईचा आवाज येत नव्हता.

साडेपाचला शेजारीण ताक घेऊन आली आणि उंबऱ्याशी थबकली.

"ऑपरेटर," ती म्हणाली, "तुम्ही इथंच बसलाय?"

"हो."

"कधीपास्नं?"

"चारच्या आधीपास्नं."

"अहो, मग तुम्हाला दिसलं नाही का?" तिनं विचारलं आणि ती रडायला लागली.

सकाळी सगळे जमले. शैला पहाटेच्या गाडीनं आली. मालनचा भाऊ भास्कर चार माणसं घेऊन आला. बायकांनी मालनला अंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. तिला मधल्या खोलीत, भिंतींच्या मध्ये सरळ निजवलं होतं. लोक एकामागून एक आत येऊन तिला बघत होते आणि बाहेर पडत होते. सगळ्यांना ती दिसत होती. दुकानदार म्हणाला, झोपल्यासारखी दिसते. कुणीतरी म्हणालं, चेहऱ्यावर केवढं समाधान आहे.

शैलानं माझा हात धरून मला आत नेलं.

"आबा, आईला शेवटचं बघून घ्या."

मी मान खाली केली. टक् झालं.

"दिसत नाही," मी म्हणालो.

"डोळे पुसा आबा." तिनं आपल्या पदरानं माझे डोळे पुसले. "आता?"

"नाही."

तिनं पुन्हा पुसले. मी तिचा हात खाली घेतला. मी वाकून अंधारात हात घातला. गाल सापडला, कानाची पाळी सापडली, तिच्याखालचा खरखरीत चट्टा सापडला. तो गार होता.

"हिला उचलणार कधी?" मी विचारलं.

"एवढी घाई का करताय दाजी?" भास्कर म्हणाला. "पावणे यायचेत अजून."

"उचला," मी म्हणालो.

घर एवढं अरुंद होतं की तिरडी आत वळेना. दोघांनी मालनला डोक्याकडून आणि पायाकडून धरून तसंच सरळ बाहेर नेलं. ती हलली तेव्हा शटर उठलं. खोलीभर उजेड झाला. माझ्यासमोरून, पुढच्या दाराकडे, मालन गेली. सोळा पावलं त्या दोघांनी टाकली. बाहेर त्यांनी तिला तिरडीवर ठेवलं आणि ती पुन्हा अंधारात गेली.

आम्हाला मुलगा नाही, म्हणून विस्तवाचं मडकं माझ्याकडे होतं. मडकं धरणाऱ्यानं पुढे चालायचं असतं आणि मागे वळून बघायचं नसतं. मला कुणीतरी ते समजावून सांगितलं. मी हो म्हणालो. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली, ती हलायला लागली, आणि मी वळलो. मी उलटा चालायला लागलो.

"दाजी, पुढं बघा," भास्कर म्हणाला. तो पुढच्या उजव्या दांडीला होता.

"बघतोय," मी म्हणालो.

मला ती दिसत होती. चौघांच्या पावलांनी चेहरा बारीक डोलत होता. कुंकू नाकावर सांडलं होतं. ऊन चांगलं होतं. मी कधीच तिला एवढा वेळ बघितलं नव्हतं. छत्तीस वर्षांत नाही आणि त्या पाच महिन्यांतही नाही, कारण तेव्हा ती सारखी दारातून बाहेर जायची. आता ती जात नव्हती. मी मागे सरकत होतो आणि ती माझ्याकडे येत होती, सगळा बाजाररस्ता, तालमीवरून, चंद्रकलाच्या बंद दरवाजावरून. लोक दुकानांतून उठून उभे राहत होते. माझा पाय एकदाही अडखळला नाही.

ओढ्याच्या अलीकडे विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी घटकाभर खाली ठेवतात, खांदे बदलतात.

"ठेवू नका," मी म्हणालो.

"दाजी, रीत आहे."

"थांबवू नका. चालता चालता खांदे बदला."

ते एकमेकांकडे बघायला लागले. पण शैला मागून म्हणाली, "आबा म्हणतात तसं करा," आणि त्यांनी चालता चालता खांदे बदलले. तिरडी कलंडली, सावरली. मालनचं तोंड क्षणभर माझ्या बाजूला वळलं.

स्मशानात लाकडं रचून ठेवली होती. मी त्यांना लाकडांभोवती फिरायला लावलं. एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. भटजी म्हणाले, तीन पुरेत. मी चालतच राहिलो आणि तिरडी माझ्यासमोर येत राहिली. पाचव्या फेऱ्याला एक म्हातारा खांदेकरी बाजूला झाला, दुसरा आत आला. मडकं तापलं होतं. माझे तळवे पिवळट झाले होते, मग तांबूस, पण मला तिकडे बघायला वेळ नव्हता.

"दाजी," भास्कर म्हणाला. त्याच्या तोंडावरून घाम ओघळत होता. ती त्याची मोठी बहीण होती. "दाजी, कुठवर?"

"चालत राहा."

"खांदे गेले आमचे."

"थोडं."

"तिला टेकू द्या आता," तो म्हणाला. तो रडत होता आणि चालत होता. "दाजी, टेकू द्या तिला."

मी तिच्याकडे बघत एक पाऊल मागे टाकलं, आणखी एक टाकलं, आणि माझ्या टाचेला मागून चितेचं लाकूड लागलं.